हात वर असताना

१

माझं नाव कडुबा. थिएटरातल्या सिस्टर म्हणतात, नावासारखीच जीभ आहे याची, आणि मी काही मनावर घेत नाही. जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात एकोणीस वर्षं झाली, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली टेक्निशियन आहे मी. मशीन लावायचं, नळ्या जोडायच्या, औषधं भरून ठेवायची आणि ऑपरेशन चालू असताना मॉनिटरकडं बघत बसायचं. सर्जन डोक्यात बघतात, मी आकडे बघतो. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, कारण नोकरी अजून तिथंच आहे.

एक गोष्ट आधी समजून घ्या, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. चेहऱ्याची जी मोठी नस असते, ती कानाच्या मागच्या बाजूनं आत मेंदूच्या बुडाशी जाते. तिथं गाठ झाली की ती काढताना या नसेला ओढ बसते. आणि तिला ओढ बसली की तिकडं छातीत हृदय मंदावतं. सत्तरचे ठोके चाळीस होतात, तीस होतात, कधी कधी थांबतातच. घाबरायचं काम नाही. डॉक्टरनं हात काढला की ठोके परत येतात. कुठंही होतं हे, पुस्तकात लिहिलेलं आहे.

आमच्या थिएटरात त्याची एक पद्धत आहे. ठोके पन्नासच्या खाली आले की आमच्या भूलतज्ज्ञ झेबा मॅडम शांतपणे म्हणतात, "सोडा." ऋतुराज सर, म्हणजे सर्जन, दोन्ही हात जखमेतून काढून छातीसमोर वर धरतात, सगळ्यांना दिसतील असे. ठोके वर येतात. मॅडम "हं" म्हणतात, सर पुन्हा कामाला लागतात. मी कागदावर वेळ लिहितो आणि कारणाच्या रकान्यात लिहितो, 'नसेला स्पर्श'. दुसरं काही लिहायची पाळी एकोणीस वर्षांत कधी आली नव्हती.

२

गेल्या साली दाऊदभाईंचं ऑपरेशन होतं. पैठण गेटजवळ शिलाईचं दुकान आहे त्यांचं. मोठा गोड माणूस, भूल देताना मला म्हणाले, भाई, तुमचा पायजमा फार ढगळ आहे, बरा झालो की नीट करून देतो. सकाळी नऊला सुरू केलं, साडेअकरापर्यंत गाठ निम्मी निघाली होती.

ठोके चव्वेचाळीस झाले. मॅडम म्हणाल्या, सोडा. सरांनी हात वर केले. मी पेन उचललं, आणि आकडा अडतीस झाला. मला वाटलं, मशीनला कळायला दोन सेकंद लागतात. तीस झाला. मी मान वळवून बघितलं, सरांचे हात वरच होते, सहायकाचेही. बावीस. मग रेघ सरळ झाली.

मॅडमनी हात पुढं केला, मी ठोके वाढवायच्या औषधाची सिरिंज दिली. ती त्यांनी नळीला लावली, आणि तेवढ्यात त्यांच्या तोंडातून पुन्हा तोच शब्द निघाला, सवयीनं. "सोडा."

ठोके आले. एकदम सत्तर.

सर चिडले. मी कधीच सोडलंय, आता काय उडून जाऊ का, असं काहीतरी म्हणाले. मॅडम म्हणाल्या, सॉरी सर, निघून गेलं तोंडातून. मी मात्र त्यांच्या हातातल्या सिरिंजकडं बघत होतो. ती भरलेली होती. थेंबभरही औषध आत गेलेलं नव्हतं.

आता मी जात्याच संशयी माणूस. भाजीवालीचा तराजूसुद्धा दोनदा बघतो. मला पहिला संशय आला तो सरांचाच. म्हटलं, आत कापसाची पट्टी राहिली असंल, तिचा दाब पडला असंल, आणि आता कबूल करायचं नाही. ऑपरेशन संपल्यावर सरांनी कागद मागितला. वेळ लिहिली होती, कारणाचा रकाना कोरा होता. "लिही की, नसेला स्पर्श," ते म्हणाले. मी लिहिलं.

दाऊदभाई सहाव्या दिवशी चालत घरी गेले. ईदला शिरखुर्म्याचा डबा आला त्यांच्याकडून. मी दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हटलं, जाऊ दे.

३

जाऊ दे म्हटलं खरं, पण गेलं नाही. मी मॉनिटरच्या वायरी बदलून घेतल्या. मशीन दुरुस्तीवाल्याला बोलवून डोकं खाल्लं त्याचं. काही सापडलं नाही. महिन्याभरानं चिकलठाण्याची एक बाई आली, तशीच गाठ. या वेळी मी आधीच ठरवलं होतं की आकड्याकडं नाही बघायचं, भिंतीवरच्या पडद्याकडं बघायचं. सर सूक्ष्मदर्शकातून बघतात ते त्या पडद्यावर सगळ्यांना मोठं होऊन दिसतं.

ठोके घसरले, मॅडम बोलल्या, सरांनी हात वर केले, आणि रेघ सरळ झाली. पडद्यावर ती नस होती, पांढरी, शिजलेल्या शेवयीसारखी. एरवी तिथलं सगळं प्रत्येक ठोक्याबरोबर हलकं हलकं हलत असतं. आता ठोकाच नव्हता म्हणून सगळं गप होतं. फक्त नस एका जागी दबलेली होती. वर काही नव्हतं, पट्टी नाही, चिमटा नाही, पण ती मधोमध खाली गेलेली होती.

मॅडम म्हणाल्या, सोडा. नस वर आली. मग ठोका पडला. आधी नस, मग ठोका. हा क्रम मी शपथेवर सांगू शकतो, आणि त्याच वेळी हेही सांगतो की मला चष्मा आहे आणि त्या दिवशी सकाळपासून मी चहासुद्धा घेतलेला नव्हता.

मी सरांकडं त्या वेळचं चित्रीकरण मागितलं. ते म्हणाले, हात वर केले की मी पायानं ते बंद करतो, रिकामी जखम कशाला साठवायची. म्हणजे जे बघायचं तेवढंच नेमकं कुठंच नव्हतं. कागदावर मी पुन्हा लिहिलं, नसेला स्पर्श. मनाची समजूत घातली की खोटं कुठं आहे, स्पर्श तर झालाच. कोणाचा, असा रकाना छापलेला नाही.

चहाच्या वेळी झेबा मॅडमना विचारलं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या की त्यांनी एकदा मुद्दाम तोंड बंद ठेवून बघितलं होतं, नऊ सेकंद. "दहाव्याला माझी हिंमत संपली, कडुबा. पेशंट माझ्या हातात असतो. मी त्याच्यावर प्रयोग करत बसू का?"

त्यानंतर आम्ही दोघं या विषयावर बोललो नाही. वर्षभरात अकरा पेशंट झाले. पाचजणांना असं झालं, अकराच्या अकरा घरी चालत गेले, आणि सगळ्या कागदांवर माझंच अक्षर आहे.

४

माझी धाकटी बहीण अपेक्षा वाळूजला राहते. तिचे मालक सोमनाथराव तिथल्याच एका कंपनीत पाळीवर जातात. दिवाळीत ती म्हणाली, भाऊ, माझा उजवा गाल झोपल्यासारखा वाटतो, आणि त्या कानानं फोन ऐकू येत नाही. मी तिथंच हातातला लाडू खाली ठेवला. तपासणी झाली. तीच गाठ, तीच जागा, आणि गाठ मोठी होती. थांबायला वेळ नव्हता.

मी सरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, सर, हिला पुण्याला पाठवू या. त्यांनी विचारलं, का. मी म्हटलं, आपल्या थिएटरात काहीतरी बरोबर नाही. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी अकरा फायली काढून टेबलावर ठेवल्या आणि एकेक उघडून दाखवली. "काय बरोबर नाही ते दाखव मला. हे सगळं तूच लिहिलंयस ना?"

माझ्या हातानं मीच सगळं साफ करून ठेवलं होतं. लाज वाटली मला, आणि भीतीही वाटली, दोन्ही एकाच वेळी. बाहेर सोमनाथराव उभे होते. ते म्हणाले, तुम्ही आत असणार म्हणून तर मी निर्धास्त आहे. मी पुण्याचं नाव पुन्हा काढलं नाही.

५

स्वतःच्या माणसाच्या ऑपरेशनला आत थांबू नये असा आमच्याकडं दंडक आहे. मी भांडून आत राहिलो. सकाळी साडेआठला अपेक्षाला टेबलावर घेतलं. ती म्हणाली, भाऊ, दाताचं ऑपरेशन असतं तर बरं झालं असतं, निदान पेरू खाता येत नाहीत म्हणून रडता तरी आलं असतं. अशीच आहे ती, वेळकाळ न बघता बोलते.

अकरा वाजून वीस मिनिटांनी ठोके घसरले. मॅडम म्हणाल्या, सोडा. हात वर झाले. मॅडम पुन्हा म्हणाल्या, सोडा. आम्ही दोघंही वाट बघत होतो आणि दोघांनाही माहीत होतं कशाची. काही झालं नाही. मॅडमनी औषध दिलं, सगळंच्या सगळं. रेघ सरळच राहिली. सहायकानं छाती दाबायला हात पुढं केले.

मी कधी तोंड उघडलं ते मला आठवत नाही. आवाज ऐकू आला तेव्हा तो माझाच होता. "सोडा. बहीण आहे माझी."

ठोका पडला.

सर मॉनिटरकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते. पुढच्या तासाभरात आणखी तीनदा झालं. तिन्ही वेळा मॅडमच्या सांगण्यानं काही हललं नाही, मी म्हटल्यावर सुटलं. असं एकूण चौथ्यांदा झाल्यावर सर म्हणाले, एवढुसा तुकडा आत राहू दे, मी बंद करतो. गाठ अर्धवट सोडताना एकोणीस वर्षांत मी त्यांना बघितलं नव्हतं.

त्या दिवशी कारणाचा रकाना मी कोरा ठेवला. लिही म्हणून या वेळी कोणी सांगितलं नाही.

६

जखम शिवली, हाड बसवलं, पट्टी बांधली. आता नसेपर्यंत कोणी पोहोचणार नाही, एवढा तरी दिलासा होता. तिसऱ्या दिवशी वॉर्डात आमची माय, सारजाबाई, तिला मुगाची खिचडी भरवत होती. माय सोयगावहून आली होती, पिशवीत गावाकडचं तूप घेऊन. अपेक्षा काहीतरी सांगत होती आणि मध्येच थांबली. चमचा तोंडापाशी, डोळे उघडे. मशीनवर चौतीस.

मी खाली वाकून हळूच म्हटलं. आकडा चढला, आणि ती पुढचा शब्द बोलली. आपण थांबलो होतो हे तिच्या गावीही नव्हतं. मायनं मात्र माझ्या ओठांकडं बघितलं. "काय म्हणलास रे तू?" मी म्हटलं, काही नाही.

डॉक्टर म्हणाले, नस चिडलेली आहे, थंड पाणी लागलं, दात घासले तरी असं होऊ शकतं, हळूहळू बसेल. पटण्यासारखं होतं. मी स्वतःला तेच सांगत राहिलो. तिला वाळूजला घरी नेलं, मी रजा टाकून तिच्या खाटेशेजारी बसलो. बोटाला ठोके मोजायचं छोटं यंत्र लावून ठेवलं. दिवसातून दोनदा, कधी तीनदा व्हायचं. मी म्हणायचो, ते सुटायचं. मायला एव्हाना शब्द कळला होता. मी म्हणायला लागलो की ती हात जोडायची. तिला वाटायचं हॉस्पिटलात शिकवतात ते.

दहाव्या दिवशी मी अंघोळीला गेलो होतो तेव्हा मनात आलं, आत्ता झालं तर? तसंच साबणानं भरलेलं अंग घेऊन बाहेर आलो. अपेक्षा टीव्ही बघत होती. मला बघून पोट धरून हसली. मला हसू आलं नाही.

७

हृदयाच्या डॉक्टरांनी चोवीस तासांचं मशीन लावलं. छातीला वायरी, कमरेला डबी, प्रत्येक ठोका त्यात नोंदला जातो. नेमकी त्याच दिवशी माझी रजा संपली होती. सकाळी सातला निघालो, संध्याकाळी सहाला परत आलो. माय देखील त्या दिवशी चुलत मामाकडं चिकलठाण्याला गेली होती. घरी सोमनाथराव एकटे. मी त्यांना सारखा फोन करत होतो, ते म्हणायचे, झोपलीय, जेवली, दात घासले, तोंड धुतलं, गच्चीवर गेली. थंड पाण्यानं धुतलं का विचारलं. म्हणाले, नळाच्याच पाण्यानं.

दोन दिवसांनी कागद हातात आला. ठोके तीनदा घसरले होते. संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, साडेसातला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला. मी घरात नव्हतो त्या अकरा तासांत एकदाही नाही. आकडे बघणं हेच माझं काम आहे, त्यामुळं मी तो कागद तीनदा तपासला. मग मशीन चुकीचं लावलं असंल म्हणून ते लावणाऱ्या मुलीलाही फोन करून छळलं. मशीन बरोबर होतं.

स्वयंपाकघरात पाटावर बसून मी विचार करत राहिलो. दाऊदभाईंना घरी काही झालं नाही. चिकलठाण्याच्या बाईलाही नाही. त्यांच्या घरी तो शब्द कोणाला माहीत नव्हता. सोमनाथरावांनाही माहीत नाही. थिएटरात अपेक्षाच्या वेळी मॅडम दोनदा म्हणाल्या, ऐकलं नाही, कारण टेबलापाशी मी होतो. मॅडम नुसतं सांगत होत्या. मी गयावया करणार होतो.

मला वाटत होतं, आम्ही म्हणतो म्हणून ते सोडतं. माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. आम्ही म्हणावं म्हणूनच ते धरत होतं.

८

मी ठरवलं की एकदा गप बसून बघायचं. सुटलं तर मी या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही, बहिणीला फोनवर बोलेन, राखी पोस्टानं घेईन. नाही सुटलं तर? मॅडम नऊला हरल्या होत्या. मी छाती दाबायची तयारी ठेवली, हॉस्पिटलातून औषध आणून खिशात ठेवलं, आणि खाटेशेजारी बसलो.

रविवारी दुपारी तीनच्या सुमाराला अपेक्षा शेजारणीच्या नव्या सुनेची गोष्ट सांगत होती. सून म्हणे पोळ्या लाटताना मोबाईल पिठाच्या डब्यात, इथपर्यंत आली आणि थांबली. एकेचाळीस. पस्तीस. मी दोन्ही ओठ दातांत धरले. तीस. माय आत गवार मोडत होती, शेंगांचा कटकट आवाज येत होता. सत्तावीस. मी सेकंद मोजत होतो. नऊ झाले, दहा झाले. अपेक्षाचे ओठ निळे पडायला लागले. मला रडू फुटलं, पण मी तोंड उघडलं नाही. अकरा. बारा.

यंत्रावर अठ्ठावीस.

एकतीस. चौतीस. आपोआप वर येत होतं. कोणी न म्हणता येत होतं. कंटाळून निघाल्यासारखं, सावकाश. मी डोळे पुसले, मला वाटलं, सुटली माझी बहीण.

गवारीचा आवाज बंद झाला होता हे माझ्या लक्षातच आलं नाही. माय माझ्या पाठीमागं उभी होती. तिनं लेकीचे निळे ओठ बघितले, माझं बंद तोंड बघितलं, आणि पदर पसरून म्हणाली, "सोडा जी. लेकरू हाय माझं."

आकडा चौतीसवर थांबला. मग खाली आला. तीस. चोवीस. एकोणीस. एवढं खाली ते घरी कधीच गेलं नव्हतं. माय पुन्हा म्हणाली, पुन्हा म्हणाली, तिसऱ्यांदा तिनं जमिनीला डोकं टेकलं, आणि तेव्हा एकदम सत्तर झाले. पडला, अपेक्षा म्हणाली, मोबाईल पिठाच्या डब्यात पडला.

माय उठली. घामानं भिजली होती, पण तोंडावर असं समाधान मी कधी बघितलं नव्हतं. "पाह्यलंस कडुबा? माझं बी ऐकतंय."

मी तिला बाहेर ओट्यावर नेलं. सगळं सांगितलं, कागद दाखवला, हात जोडले. तिनं नीट ऐकून घेतलं. माझी माय अडाणी असेल, पण मूर्ख नाही, तिला कळलं. ती म्हणाली, "तुझं खरं असंल लेका. पण माझ्या डोळ्यापुढं ती थांबल्यावर मी गप बसू व्हय?" आणि आत जाऊन तिनं खाटेला खेटून चटई टाकली. चल सोयगावला म्हटलं, नाही म्हणाली. मी गयावया केली, तिनं तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून मी वाळूजला गेलेलो नाही. माझ्या परीनं तेवढंच करू शकतो. रोज फोन करतो. आधी दिवसातून तीनदा व्हायचं, मग आठदा झालं. परवा सतरा वेळा झालं.

आज दुपारी सोमनाथरावांचाच फोन आला. मायला ते मामी म्हणतात. म्हणाले, "मामींचा आवाज पार बसलाय. काय म्हणायचं असतं ते मला एकदा नीट शिकवून ठेवता का?"